इथं कोणी राहत नाही

थीया ऑर्लिक पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं, "तू राहतेस कुठं गं?" पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली, "कुठंच नाही. तिथं कोणी राहत नाही. तिथं फक्त काम चालतं."

आता बोला! बाईंनी दुसऱ्याच दिवशी आईला बोलावून घेतलं. आई आली ती डोक्याला रुमाल बांधून, बोटांना सोनेरी रंग तसाच. बर्निस तिचं नाव. "पोरीची कल्पनाशक्ती दांडगी आहे, बापावर गेलीय," असं म्हणून तिनं वहीत ब्रुकलिनमधल्या कुठल्याशा ओळखीच्या बाईचा पत्ता लिहिला आणि मोकळी झाली. परतताना तिनं लेकीला आइस्क्रीम घेऊन दिलं. घरचा पत्ता न सांगितल्याबद्दल बक्षीस मिळालेली त्या शाळेतली ती एकटीच मुलगी असेल.

त्याचं असं होतं की, ऑर्लिक मंडळी जिथं राहायची तिथं राहायला बंदी होती. न्यूयॉर्कमध्ये कॅनॉल स्ट्रीटच्या खालच्या अंगाला छत्र्यांच्या मुठी बनवणारा एक कारखाना बुडाला, त्याचा चौथा मजला त्यांनी घेतला होता. उंच छत, ओळीनं सात खिडक्या आणि जमिनीच्या फळ्यांच्या फटीत पितळेचा चुरा. कागदोपत्री जागा फक्त कामासाठी. म्हातारा घरमालक पिंकस जिना दाखवताना एवढंच म्हणाला होता, "मी काही बघितलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही." त्या काळात त्या भागात चित्रकार आणि मूर्तिकार सगळे असेच राहत. इमारती रिकाम्या, मालक हवालदिल आणि कलाकार कफल्लक, म्हणजे तिघांचंही जमलं.

थीयाचा बाप लिओ चित्रकार होता. चित्रं दहा-दहा फुटांची, आणि घेणारा माईचा लाल एक नाही. घर चालायचं बर्निसच्या जिवावर. ती दुकानांच्या काचांवर सोन्याच्या वर्खानं नावं रंगवायची. पाववाले, शिंपी, शवपेट्यांचं दुकान, दातांचे डॉक्टर, त्या भागातल्या निम्म्या काचांवर तिचंच अक्षर होतं. "तो कलाकार आहे," ती लोकांना सांगायची, "मी त्याचं शुद्धलेखन." लिओ त्यावर खो-खो हसायचा. माणूस भला होता. कामाचा काडीचा नव्हता, पण भला होता.

शहराचा तपासनीस कधीही यायचा. घरात पलंग, चूल, लंगोट असं काही दिसलं की कुटुंब रस्त्यावर. त्यावर सगळ्या इमारतीनं एक युक्ती काढली होती. पहिल्या मजल्यावर ओताव्हियो नावाचा दगडफोड्या मूर्तिकार होता. तपासनीस दारात दिसला की तो वाफेच्या नळावर हातोडी मारायचा, दोन ठोके लगोलग आणि जरा थांबून एक. नळ थेट वरपर्यंत गेलेला, त्यामुळे मजल्यामजल्यावर खण्‌खण्‌… खण्‌. मग धावपळ! लिओनं पलंगाला चार दोर बांधून ते छताला लावलेल्या कप्प्यांवरून ओढायची सोय केली होती, दोर ओढला की पलंग सरळ छताला. त्याच्या एका निळ्या प्रचंड चित्राला खाली चाकं होती. ते ढकललं की चूल, मोरी आणि थीयाचा कोपरा सगळं त्याच्यामागं गडप. बर्निस घड्याळ लावून सराव घ्यायची. साडेतीन मिनिटं हा विक्रम होता. तपासनीस धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बर्निस हातात कुंचला घेऊन दारात उभी. "इथं कोणी राहत नाही साहेब, इथं फक्त काम चालतं." चित्रामागं थीया श्वास रोखून पडून असायची. तिला तो खेळच वाटायचा.

थीया आठ वर्षांची झाली तेव्हा कायदा बदलला. जे राहत होते त्यांना राहू द्यायचं, वाटेल तसं भाडं वाढवायचं नाही, हुसकायचं नाही असं ठरलं. त्या रात्री इमारतीत गच्चीवर नाच झाला. ओताव्हियोनं हातोडीला लाल फीत बांधून खिळ्याला टांगली. बर्निसनं मात्र कप्प्यांना तेल घालायचं सोडलं नाही. दर वसंतात शिडी लावून वर चढायची. लिओ म्हणायचा, "अगं बाई, आता कशाला? कायदा आहे!" ती म्हणायची, "कायदा कागदावर असतो लिओ, पलंग जमिनीवर असतो."

हे असं पुष्कळ वर्षं चाललं. लिओ गेला. ओताव्हियोही गेला. खाली काचेची दुकानं आली, ज्यांत तीन चपला आणि एक झाड मांडलेलं असतं. पिंकसच्या नातवानं इमारत एका कंपनीला विकली. थीयाचं लग्न झालं, मोडलं, आणि एक बॅग घेऊन ती आईकडं परत आली, त्याला सहा वर्षं झाली. ती हॉस्पिटलात रात्रपाळीला क्ष-किरणाचं यंत्र चालवायची. सकाळी आठला यायची, आईनं भाजलेला राय धान्याचा ब्रेड आणि कॉफी घ्यायची आणि बापाच्या त्याच निळ्या चित्रामागच्या कोपऱ्यात दुपारपर्यंत झोपायची. बर्निस आता ऐंशीची. भांडायला मात्र तरुण होती. भाजीवाल्याशी, बसवाल्याशी, रेडिओशी, कोणी नाहीच मिळालं तर लिओच्या फोटोशी.

कंपनीला चौथा मजला रिकामा हवा होता. त्यांनी दावा लावला की ही बाई इथं राहतच नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती हिवाळ्याचे चार महिने फ्लोरिडात बहिणीकडं असते. मुलीच्या गाडीच्या परवान्यावर अजून नवऱ्याच्या घरचा पत्ता आहे. म्हणजे जागा नुसती चित्रांचं गोदाम आहे, आणि गोदामाला तो कायदा लागू नाही. परवान्यावरचा पत्ता थीयानं आळसापोटी बदलला नव्हता, आणि त्यासाठी ती स्वतःला रोज शिव्या द्यायची.

वकील होता आयरा पोमेरँट्झ. त्याच्या बापाच्या टोप्यांच्या दुकानाची काच बर्निसनंच रंगवलेली, म्हणून ती त्याला अरे-तुरे करायची.

"मिसेस ऑर्लिक," आयरा म्हणाला, "सोपं आहे. गुरुवारी दहा वाजता त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन येईल. त्याला फक्त दिसलं पाहिजे की तुम्ही दोघी इथं राहता. पलंग दिसू द्या, दात घासायचे ब्रश दिसू द्या, दोरीवर कपडे वाळत घाला."

"कसले कपडे?"

"आतले घातलेत तर उत्तम."

"मेल्या, तुझ्या बापानं ऐकलं असतं म्हणजे!" बर्निस म्हणाली, पण ऐकलं तिनं. थीयानं दोन दिवस खपून घर मांडलं. टेबलावर औषधं, पत्रं, अर्धं विणलेलं मोज्यांचं काम. पलंगावर चुरगळलेली चादर. दोरीवर आईचे झगे आणि बरंच काही. बर्निस कमरेवर हात ठेवून बघत होती. "आयुष्यात पहिल्यांदा पसारा घालायला सांगताय मला," ती म्हणाली.

गुरुवारी थीया आठला आली. डोळे मिटत होते. "मा, दहाला मला उठव. विसरू नकोस. मी त्याच्यासमोर दिसायला हवी."

"झोप गं तू. मी आहे ना."

ऑक्टोबर लागला होता. तळघरात नळवाला हिवाळ्यासाठी वाफेचा बंब तपासत होता. दहाला पाच मिनिटं असताना त्याचा कुठला तरी सांधा अडकला असावा. त्यानं नळावर पाना मारला. दोन ठोके लगोलग, आणि जरा थांबून एक.

पुढं काय झालं ते बर्निसला नंतर धड सांगताही येईना. हातपायच उठले, म्हणे. दोरीवरचे कपडे खाली आले, ब्रश खिशात गेले, मोजे टेबलाखाली. ऐंशी वर्षांच्या, खुब्यात लोखंड घातलेल्या बाईनं दोर ओढला आणि पलंग छताला गेला. निळं चित्र करकरत सरकलं आणि मोरी, चूल आणि घोरणारी थीया सगळं त्याच्यामागं गेलं. दारावर थाप पडली तेव्हा बर्निस कुंचला घेऊन उभी होती.

कंपनीच्या माणसानं बिचाऱ्यानं नीट विचारलं, "बाई, इथं कोण राहतं?"

"इथं कोणी राहत नाही साहेब. इथं फक्त काम चालतं."

त्याचाही विश्वास बसेना. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा दरडावूनच. मग त्यानं फोटो काढले, तिचं म्हणणं कागदावर लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. सही तर तिची अशी की भिंतीवर लावावी.

थीया जागी झाली ती बाराला. चित्र ढकलून बाहेर आली, केस विस्कटलेले. "मा! किती वाजले? तो आला नाही?"

"आला नि गेला," बर्निस कॉफी ओतत म्हणाली. गाल लाल झाले होते, कितीतरी दिवसांत ती इतकी खुशीत दिसली नव्हती. "चार मिनिटं लागली मला, पण काही म्हणजे काही सापडलं नाही त्याला!"

थीयानं वर बघितलं. पलंग छताला होता. मग तिनं आईकडं बघितलं. आईचं हसू हळूहळू उतरत गेलं. किटली तशीच हातात धरून बर्निस खुर्चीवर बसली. "अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा, थीया, काय केलं मी हे?"

आयरानं ते ऐकून कपाळाला हात लावला. "खरं तेच सांगू की कोर्टात," बर्निस म्हणाली, "ठोके ऐकले, घाबरले, लपवलं."

"मिसेस ऑर्लिक, पस्तीस-चाळीस वर्षं कायदा तुमच्या बाजूनं आहे. तारीख ठरवून आलेल्या माणसापासून तुम्ही पलंग छताला लपवलात, हे कोण मानेल? तुमचं खरं हे खोट्यापेक्षा वाईट दिसतं." तो जरा घुटमळला. "एक वाट आहे. तुमच्या वयाला… विसर पडतो, गोंधळ उडतो. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर ती सही बाद होईल. मग बाकीचं मी बघतो."

बर्निस उठून उभी राहिली. "मी घाबरले होते आयरा, मी वेडी नव्हते." आणि ती तरातरा निघून गेली. पंधरा दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही.

तेव्हा थीया एक वाक्य बोलून गेली. ते तिला पुढं फार लागलं. सकाळी दमून आली होती, बूटही काढले नव्हते. म्हणाली, "मा, मला या वयात पुन्हा कुणाच्या तरी घरातली खोली शोधायला लावू नकोस गं." एवढंच. बर्निसनं तिच्यापुढं कॉफी ठेवली. दुपारी तिनं आयराला फोन लावला. "ठीक आहे," ती म्हणाली, "कुठं जायचं वेडं व्हायला?"

डॉक्टरांकडं तर वेगळीच तऱ्हा. त्यांनी वार विचारला, तिनं तारखेसकट सांगितला. राष्ट्राध्यक्ष कोण म्हणून विचारलं, तिनं नाव सांगून वर त्याच्याबद्दलचं मतही दिलं, जे डॉक्टरांना कागदावर घेता येईना. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा मात्र कहर झाला. विसरायचं ठरवून आलेली बाई, पण हातात पेन्सिल आली आणि बाराही आकडे असे काढले, सावलीसकट, वळणासकट, की डॉक्टर म्हणाले, "हे मी ठेवून घेऊ का?" थीयानं टेबलाखालून आईला पाय मारला. शेवटी डॉक्टरांनी कसंबसं लिहिलं, 'वयोमानानुसार अधूनमधून गोंधळ होणं शक्य आहे.'

"'शक्य आहे' एवढ्यावर मी जिंकून दाखवतो," आयरा म्हणाला. "फक्त कोर्टात शहाणपणा करू नका."

तारीख जूनमध्ये पडली. बर्निसनं त्या दिवशी स्वेटरची बटणं मुद्दाम एक घर चुकवून लावली. ओठांवर रेघ आखल्यासारखा रंग लावणारी बाई, पण तोही जरा बाहेर फासला. जिन्यात थीयाला म्हणाली, "कशी दिसते?"

"भयंकर दिसतेस, मा."

"झालं तर मग."

साक्षीला बसली आणि काय काम केलं म्हणता! न्यायाधीशबाईंनी नाव विचारलं, तर तिनं त्यांनाच विचारलं, "तुम्ही दातांच्या डॉक्टर ना?" कंपनीचा वकील म्हणाला, हिवाळ्यात तुम्ही फ्लोरिडात राहता. "फ्लोरिडा? छे! तिथं मगरी असतात." मागं कोणीतरी हसलं. आयरा मान खाली घालून बसला होता, पण खूश होता. थीयाला दिसत होतं, प्रकरण जमत चाललं होतं. आईच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चुकलेलं बटण चाचपत होती, तेही तिला दिसत होतं. पन्नास वर्षं वर्खाचं पान न फाडता उचलणारी ती दोन बोटं.

"त्या दिवशी सकाळी," कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"लिओ होता."

"लिओ कोण?"

"माझा नवरा. दोर त्यानंच ओढला. मला एकटीला ओढवत नाही आता." तिनं दाराकडं बघितलं. "त्याला बोलवा ना. त्याला नीट सांगता येतं. मला नाही सांगता येत, माझ्या हातून सगळं बिघडलंय. लिओ! अरे लिओ, ये ना, सांग ना यांना, आम्ही राहतो तिथं… लिओ!"

कंपनीचा वकीलसुद्धा खाली बसला. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. खटला जिंकलेला होता, लहान पोरालाही कळलं असतं.

थीया उठली. "बास," ती म्हणाली. "मा, बास आता."

"थीया, खाली बस," आयरा दातांतून पुटपुटला.

"नाही बसत. मॅडम, माझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त. तिनं पलंग लपवला कारण तिला दुसरं काही येतच नव्हतं, आयुष्यभर तिनं आमच्यासाठी तेच केलं. ही बटणं तिनं मुद्दाम चुकवलीत. माझ्यासाठी चुकवलीत. ती वेडी ठरून मिळणार असेल तर मला ते घर नको."

आयरानं फाइल तोंडावर धरली. दोघींकडं बघून न्यायाधीशबाई म्हणाल्या, पंधरा मिनिटं थांबू. त्या पंधरा मिनिटांचा तास झाला. शेवटी समझोत्याचा कागद झाला. डॉक्टरांचं पत्र मागं घेतलं, सही कायम राहिली. सप्टेंबरच्या तीस तारखेला चौथा मजला रिकामा करून द्यायचा.

कोर्टापासून दोन गल्ल्यांवर चिनी लोकांची खानावळ आहे, तिथं त्या दोघी जाऊन बसल्या. सारण भरून वाफवलेल्या डंपलिंगची थाळी आली. बर्निसनं आधी स्वेटरची बटणं सोडून नीट लावली आणि मग तोंड सोडलं.

"मूर्ख कुठली! अजून दोन मिनिटं, दोनच मिनिटं गप्प बसली असतीस तर घर आपलं होतं! त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, बघितलंस? मी आणलं होतं ते! ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा नाटकात काम केलं, आणि माझ्या पोटच्या पोरीनं पडदा पाडला."

"हो."

"हो काय हो! कुठं राहणार आहेस आता तू?"

"तुझ्याबरोबर. नदीपलीकडं क्वीन्समध्ये दोन खोल्या बघितल्यात."

"दोन खोल्या! लिओचं एक चित्र मावायचं नाही त्यात."

"नाही मावणार," थीया म्हणाली. तिनं आईच्या बशीत डंपलिंग वाढलं. मग विचारलं, "मा, खरं सांग. नाटकच होतं ना ते सगळं?"

बर्निसनं काट्यानं डंपलिंगचे दोन तुकडे केले. खाल्लं नाही.

"दातांची डॉक्टर, मगरी, ते नाटक होतं."

"आणि बाबा?"

"त्याला मी हाक मारली तीही नाटकातच." बर्निस खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण मारली ना, तेव्हा वाटलं, येईल. थीया, मला खरंच वाटलं, दार उघडून येईल तो."

थीया उठली. टेबलाला वळसा घालून आईच्या बाजूला आली. "सरक," ती म्हणाली. बर्निस सरकली. दोघी एका बाजूला खांद्याला खांदा लावून बसल्या. वाढणारी बाई येऊन चहा ठेवून गेली, समोरचं रिकामं बाक बघून, अजून कोणी यायचं असेल म्हणून, तिनं तिथंही एक कप ठेवला. दोघींपैकी कोणीच तिला तो उचलायला सांगितलं नाही.